पुस्तिकेची पानं लावली स्क्रिप्टने, अडलं झेरॉक्सच्या दुकानात : माझा अनुभव

आमच्या साताऱ्यातल्या भजनी मंडळाच्या बायका दरवर्षी लोणंदहून माउलींच्या पालखीबरोबर चालतात. त्यांना पिशवीत मावेल अशी ए-फाइव्ह आकाराची अभंगांची पुस्तिका हवी होती. टायपिंग, तपासणी सगळं वेळेत झालं. अडलं ते झेरॉक्सच्या दुकानात, आणि तो राग अजून गेलेला नाही.

पुस्तिका ३८ पानांची. घडी घालून मध्ये पिना मारायच्या तर पानसंख्येला चारने भाग जायला हवा, म्हणून दोन कोरी धरून ४०. म्हणजे ए-फोरचे १० कागद. बाहेरच्या कागदावर ४० आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि ३९. अगदी आतल्यावर २२ आणि १९, पाठीवर २० आणि २१. कुठल्याही बाजूची बेरीज ४१. एवढं कळलं की पानं अशी लावायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट पुरते. पीडीएफची पानं हाताळणारी पायपीडीएफ ही तयार लायब्ररी (कोडचा संच) फुकट आहे. आडव्या ए-फोरचं कोरं पान घ्यायचं, ८४२ बाय ५९५ पॉइंटचं (पॉइंट हे पीडीएफमधलं मोजमाप). डावं पान जागेवर ठेवायचं, उजवं ४२१ पॉइंट सरकवायचं. पायथन शून्यापासून मोजतं, त्यामुळे तिथे बेरीज ३९ धरा.

दुकानात पहिली प्रत निघाली आणि प्रत्येक कागदाची मागची बाजू डोक्यावर उभी!

"ताई, फाईलच उलटी आहे."

मी स्क्रीनवर एकेक पान दाखवलं, सगळी सरळ. "आम्ही रोज हेच काम करतो," हे उत्तर. दोष मशीनच्या सेटिंगचा होता. दोन्ही बाजूंच्या छपाईत कागद लांब कडेवर उलटत होता, म्हणजे 'लाँग एज'. आडव्या कागदाची पुस्तिका असेल तर 'शॉर्ट एज'च, म्हणजे आखूड कडेवर उलटणंच लागतं. हे मी शांतपणे सांगितलं, तर "सेटिंग मालक आल्याशिवाय बदलत नाही." मालक जेवायला गेलेले. मागे रांग वाढत होती आणि मी बाजूला उभी. वर वाया गेलेल्या कागदांचे पैसे मागितले. ते मी दिले नाहीत.

घरी येऊन स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: प्रत्येक कागदाची मागची बाजू १८० अंशांत फिरव. दुसऱ्या दिवशी तेच मशीन, तीच सेटिंग, आणि प्रत सरळ! मालकांची गरजच पडली नाही. तेव्हापासून मी पेनड्राइव्हवर शॉर्ट आणि लाँग अशा दोन्ही फाईली नेते. तुम्हीही न्या.

कोरी पानं शेवटी जोडू नका, नाहीतर मागचं मुखपृष्ठ आत जातं. ती शेवटच्या पानाच्या आधी घाला. ॲक्रोबॅट रीडरमध्ये बुकलेटची, म्हणजे पानं आपोआप पुस्तिकेच्या क्रमाने छापायची सोय आहे, पण आमच्या दुकानात फाईल ब्राउझरमध्ये उघडतात, तिथे ती मिळाली नाही. प्रिंट देताना 'फिट टू पेज' (पान लहानमोठं करून कागदावर बसवणं) बंद करायला सांगा. आणि आधी एकच कागद काढून, घडी घालून, समोर तपासा. साध्या स्टेपलरची पिन घडीपर्यंत पोचत नाही. लांब दांड्याचा स्टेपलर बायंडरकडे असतो.