शेंडेफळ

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

आज वन्संकडे सत्यनारायण होता. पंगती उठल्यावर आम्ही दोघी मागच्या मोरीपाशी भांडी आवरत होतो. इकडेतिकडे कुणी नाही असं बघून त्यांनी विचारलं, "वहिनी, राग मानू नकोस. पण धाकटा जन्मापासूनच तसा आहे, की पुण्याला गेल्यावर त्याला हे लागलं?"

"जन्मापासूनच," मी म्हणाले. क्षणभरही थांबले नाही. वन्संचा चेहरा सैल झाला. "मग त्याला कोण काय करणार," म्हणाल्या आणि पातेलं पालथं घातलं.

घरी आल्यापासून ते उत्तर मनातून जात नाहीये. मी खोटं बोलले नाही. पण इतक्या घाईने का बोलले?

मला तीन मुलगे. धाकट्याने 2016 च्या दिवाळीत सांगितलं. मी ओट्यापाशी मेथी निवडत होते. तो शेजारी येऊन बसला, दोनचार काड्या निवडल्या आणि म्हणाला, "आई, माझ्यासाठी स्थळं बघू नका. मला मुलगे आवडतात. आठवीत असल्यापासून." शेवटचं वाक्य त्याने मुद्दाम जोडलं होतं, हे आता कळतं. आपण हे ठरवून केलेलं नाही, एवढं तरी आईने मानावं म्हणून.

घरात आधी खटला उभा राहिला तो माझ्यावर. सासूबाई म्हणाल्या, शेंडेफळ म्हणून लाड केलेस, सतत पदराखाली ठेवलंस. ह्यांची तेव्हा बदलीची नोकरी, महिनामहिना घरी नसायचे. मग मीही रात्ररात्र जागून उलटतपासणी करायचे. त्याला पोळ्या लाटायला शिकवल्या त्या चुकल्या का? दारातली रांगोळी तो काढायचा, तेव्हा अडवायला हवं होतं का? थोरल्या दोघांनाही मी पोळ्या शिकवल्या होत्या. हे त्या दिवसांत एकदाही आठवलं नाही.

मग एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, वर्षभरात लग्न उरकून टाका. त्या गोळ्यांनी माझं पोर दुपारी चारचार तास झोपायचं, जागं झालं की भिंतीकडे बघत बसायचं. चार महिने त्या गोळ्या मी दिल्या. दुधाबरोबर, माझ्या हाताने. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेचं नाव आजारांच्या यादीतून 1990 मध्येच काढलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी मला हे ठाऊक नव्हतं. त्या डॉक्टरांना ठाऊक असायला हवं होतं. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा आजार नाही. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असे 'बदलण्याचे' उपचार थांबवायला सांगितलं आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. आमच्या घरासाठी हे सगळं उशिरा आलं.

गोळ्या बंद केल्या आणि मी वाचायला लागले. जुळ्या भावांवरचे अभ्यास वाचले. तंतोतंत सारख्या जुळ्यांपैकी एक समलिंगी असेल, तर दुसराही असण्याची शक्यता इतर भावांपेक्षा जास्त असते, पण पुष्कळदा दुसरा तसा नसतो. 2019 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास आला. 'समलिंगी जनुक' असं एकच काही सापडलं नाही. ठळक अशा पाच जागा सापडल्या आणि बाकी असंख्य बारीक बारीक परिणाम. ते सगळे धरूनही माणसामाणसांतला फरक 8 ते 25 टक्केच उलगडतो. एका सहकाऱ्यांनी तेवढंच ऐकून मला सांगितलं, "बघा, म्हणजे उरलेलं संस्कारांवर." तसं होत नाही. जनुकांत नसलेलं सगळं काही घरातल्या वळणातून येत नाही. गर्भात नऊ महिने काय काय घडतं, तेही त्या 'उरलेल्या'तच मोडतं.

आणि तिथेच मला ते सापडलं. रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगर्ट या कॅनडातल्या दोन संशोधकांनी 1996 मध्ये मांडलं होतं, की एकाच आईच्या पोटचे जितके मोठे भाऊ, तितकी धाकटा समलिंगी असण्याची शक्यता वाढत जाते, प्रत्येक भावामागे साधारण एक तृतीयांशाने. सावत्र किंवा दत्तक भावांनी तसं होत नाही. मुळात ही शक्यता लहान असल्यामुळे तिसऱ्या मुलांपैकी बहुतेकांना मुलीच आवडतात. या आकडेमोडीवर संख्याशास्त्रज्ञांचे वादही आहेत. पुढे एका छोट्या अभ्यासात असंही दिसलं, की मुलगा पोटात असताना आईच्या शरीरात एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार होत असावीत आणि ती पुढच्या मुलग्याच्या गर्भापर्यंत पोचत असावीत.

तीन मुलगे. तिसरा. ते वाचलं त्या रात्री मी पोटावर हात ठेवून बसून राहिले. लाड चुकले नाहीत म्हणून सुटका झाली असं वाटत होतं, आणि आता रक्तच चुकलं होतं. जन्मजात असो वा संस्कार, बोट माझ्याकडेच.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला फोन केला आणि "तुला माझ्यामुळे..." एवढंच बोलले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, तू कारण शोधतेयस, म्हणजे अजून चूक शोधतेयस. दादाला वहिनी का आवडली, हे शोधायला तू कधी पुस्तकं उघडलीस का?"

नव्हती उघडली. थोरल्याच्या मनात मुलींबद्दलची ओढ कुठून आली, हा प्रश्न या घरात कुणालाच पडला नाही. तीही काही त्याने ठरवून आणलेली नव्हती.

आज वन्संना दिलेल्या उत्तराची घाई त्यातलीच होती. 'जन्मापासूनच' म्हटलं की मी सुटते, घर सुटतं. मुलगा मात्र दयेला पात्र होतो, 'बिचारा, काय करणार' असा. वन्संच्या तोंडी तेच आलं.

ओढ निवडता येत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चार महिने गोळ्या घेऊन, रडून, नवस बोलूनही माझ्या मुलाला ती बदलता आली नाही. पण समजा, उद्या कुणी दाखवून दिलं की एखाद्या माणसाच्या बाबतीत त्यात थोडीफार निवडही असते. मग त्याचा मान कमी करायचा? आपल्याच महाराष्ट्रात, नागपुरात, 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी आणि लाखो लोकांनी जन्माने मिळालेला धर्म सोडला आणि दुसरा निवडला. निवडला म्हणून तो कमी खरा झाला नाही, उलट त्या निवडीचीच आपण थोरवी गातो. याच बाबासाहेबांनी 1934 मध्ये र. धों. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं होतं. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवून खटला भरला होता, त्यात समलिंगी संबंधांचाही विषय होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांनी असे प्रश्न विचारावेत आणि त्यांना सरळ उत्तर मिळावं, यासाठी तेव्हा कुणीतरी न्यायालयात उभं राहिलं होतं.

समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा 6 सप्टेंबर 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी टीव्हीवर बघितला. शाळेत शिक्षकांच्या खोलीत, गुरुवारी. त्यात दोन्ही गोष्टी होत्या: हा कल निसर्गातलाच आहे, आणि जोडीदार निवडणं हा माणसाचा अधिकार आहे. मी इतकी वर्षं पहिलीच धरून बसले होते.

वन्संना सकाळी फोन करायचाय. त्या प्रेमाने विचारत होत्या, म्हणून त्यांना अर्धं उत्तर देऊन चालणार नाही. 'काय करणार' असं म्हणू नका, एवढं सांगायचंय. आणि हेही, की या दिवाळीत धाकटा एकटा येणार नाहीये. त्याने निवडलेला जोडीदार बरोबर असेल. भाऊबीजेला आम्ही तुमच्याकडे येऊ, तेव्हा पाट एक जास्तीचा मांडा.