गाणं आवडतं की हेडफोन? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला घरी विचारतात, ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बायका पण विचारतात. शब्द वेगवेगळे असतात पण मतलब एकच, की बाई एवढे पैसे त्या कानातल्या वस्तूंवर घालतेस तर तू गाणं ऐकतेस की नुसता आवाज तपासतेस? दरवेळी मी "गाणंच की" म्हणते आणि विषय बदलते. ते उत्तर आता मलाच पुरेनासं झालंय म्हणून एकदा सगळं लिहून टाकते. लांबणार आहे.

आधी माझी बाजू ऐका. यंत्राशिवायचं गाणं आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? सवाईला सुद्धा मंडपात मागे बसलं की जे कानावर पडतं ते स्पीकरमधून आलेलं असतं. ख्याल गाणाऱ्या केसरबाई केरकरांना मी फक्त रेकॉर्डवर ऐकलंय, दुसरा मार्गच नाही, त्या सप्टेंबर १९७७ मध्ये गेल्या. त्याच सुमारास नासाची व्हॉयेजर यानं अंतराळात गेली आणि त्यावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. त्या तबकडीबरोबर नासाने सुई आणि ती बसवायचं कार्ट्रिज पण दिलंय, आणि कव्हरवर ती कशी वाजवायची त्याच्या आकृत्या कोरल्यात. कारण नुसतं गाणं पाठवताच येत नाही, ते वाजवायचं साधन सोबत द्यावंच लागतं. तेच मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचं, एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची म्हणून तासभर ख्याल मांडणाऱ्या लोकांनी तीन मिनिटांत राग उभा केला, आणि १९२५ च्या आसपास माइक येईपर्यंत तर भोंग्यासमोर खच्चून गावं लागायचं. म्हणजे आपण ज्याला जुनं शुद्ध गाणं म्हणतो त्याचा आकार यंत्रानेच ठरवलाय. आणि गवई काय करतात? तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली तो बारीकसा दोरा सरकवत बसतात, केसभर इकडे, केसभर तिकडे, जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती झिलई, मनासारखी खुलेपर्यंत. मिरजेला लोक त्यासाठी तानपुरे घेऊन जातात. त्या धडपडीला तुम्ही साधना म्हणता आणि माझ्या धडपडीला नाद, हे मला मान्य नाही. अर्थात ते गातात आणि मी गात नाही, हा फरक आहे आणि तो मोठा आहे, मला कळतं.

पण आता खरं पण सांगते. नवीन हेडफोन आला की मी पहिली काही मिनिटं काय करते माहितीये? एका मैफिलीचं रेकॉर्डिंग आहे, त्याची सुरुवात लावते, दोन तानपुरे, एक डावीकडे एक उजवीकडे, षड्ज लागला की बंद करते, दुसरा हेडफोन घालते, परत तानपुरे, परत षड्ज, परत बंद. मग अँप (अँप्लिफायर) बदलते, मग डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारी डबी) बदलते, मग कानावरच्या गाद्या. त्या रेकॉर्डिंगमधल्या बंदिशीचा अंतरा मला वर्षानुवर्षं माहीत नव्हता. सुरुवातीचा एकेक श्वास पाठ, गायक गादीवर सरकून बसतो ते पण पाठ, आणि अंतरा माहीत नाही. हे गाण्यावरचं प्रेम आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणू.

पैशाचं म्हणाल तर २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनची मापं तपासली आणि किंमत नि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (खालचे-वरचे सूर कोण किती जोरात वाजवतो ते) यांचा काही संबंध सापडला नाही. हे मला माहीत आहे. माझा सेनहायझरचा एचडी ६०० हेडफोन आहे, ते मॉडेल १९९७चं, अजून लोक घेतात, माझं त्यावर भागतं हेही मला माहीत आहे. माहीत असून मी घेते. पुढे.

आता ती रात्र सांगते, कारण ती सोडून दिलेलं उत्तर अर्धवटच राहील.

कॉलेजपासून मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचे. पावसाळ्यात नदीपात्रात सराव, मग गणपतीत मिरवणुका, विसर्जनाला पुण्याचा लक्ष्मी रोड. माझ्या डावीकडे कायम दुसरा ताशा असायचा, मागे ढोलांच्या रांगा. कानात कोणी काही घालायचं नाही, घातलं तर ठेका नीट कळत नाही असं सगळे म्हणायचे. रात्री घरी आलं की कानात शिट्टी वाजत राहायची आणि सकाळी बंद व्हायची, सगळ्यांचंच तसं, त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. मी आज पण म्हणीन की ताशाची तर्री सुरू झाली की अंगात जे होतं ते मला कुठल्याही हेडफोनने दिलेलं नाही.

तर एकदा सेकंडहँड ओपन बॅक, म्हणजे मागून उघडा असलेला हेडफोन, घेतला, रात्री सगळे झोपल्यावर तेच तानपुरे लावले, आणि डावा तानपुरा मंद वाटला. तार ऐकू येतेय, नाद भरलेला येतोय, पण जवारीची ती वरची बारीक झिलई आहे ना, ती नाही. मला वाटलं डावा ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, गेलाय, फसवलं मला विकणाऱ्याने. मग आम्ही सगळेच करतो ते केलं, हेडफोन उलटा घातला, डावा कप उजव्या कानावर. दोष हेडफोनचा असेल तर मंदपणा उजवीकडे जायला हवा. गेला नाही. मघाचा तो विझलेला तानपुरा उजव्या कानात लख्ख वाजायला लागला आणि इतका वेळ उजवीकडे चमकणारा तानपुरा डाव्या कानात येऊन मिटला. मी वायर बदलली. एचडी ६०० उलटसुलट घालून बघितला. आयईएम, म्हणजे कानात खुपसायचे इअरफोन, काढले, ते पण अदलाबदल करून घातले. फोनला लावून बघितलं, लॅपटॉपला लावून बघितलं. काहीही बदललं तरी मंद बाजू डावीच. दोन वाजले असतील, जमिनीवर सगळ्या वायरी पसरलेल्या आणि मी मध्ये बसलेली, आता बदलायला काही उरलं नव्हतं.

मग कान तपासायला गेले. ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीला, एका बंद खोलीत बसवतात, हातात बटण देतात, सूर ऐकू आला की दाबायचं. २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत. मी इतकं मन लावून आयुष्यात काही ऐकलं नसेल. कागदावर उजव्या कानाची रेघ जवळजवळ सरळ आणि डाव्याची ४००० ला खाली कोसळलेली, ८००० ला परत थोडी वर. तपासणाऱ्या बाईंनी मी काही सांगायच्या आधीच विचारलं, काही वाजवता का, की कारखान्यात काम करता? मोठ्या आवाजाने कान गेला की आलेखात बहुतेक तिथेच खड्डा पडतो, आणि आतल्या त्या बारीक पेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत.

आणि मी रिक्षात बसले तेव्हा मला पहिला विचार काय आला, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पहिला विचार असा आला की आता हेडफोनबद्दल माझं मत कोण विचारणार. ज्या ज्या हेडफोनला मी ट्रेबल (वरचे बारीक सूर) कमी आहे म्हटलं होतं, मित्रांनी माझ्या शब्दावर जे जे घेतलं होतं, ते सगळं डोळ्यासमोर आलं. गाणं नाही आलं. केसरबाई नाही आल्या, तानपुरा पण नाही. ते सगळं रात्री आलं, आणि तेव्हा मात्र खूप आलं.

तुम्ही म्हणाल मग झालं, मिळालं की उत्तर. मी पण स्वतःला तेच म्हणते, पण लगेच दुसरी बाजू उठते. मला हे कळलं कसं? तीच सुरुवात असंख्य वेळा ऐकली होती म्हणून. माझ्याबरोबर वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अजून कान तपासलेले नाहीत, मी आता मागे लागते सगळ्यांच्या, कानात प्लग घाला म्हणून भांडते. ज्याला तुम्ही वेड म्हणता त्या वेडामुळेच मला जवारी गेल्याचं दुःख तरी करता आलं. मग हे प्रेम नाही तर काय आहे?

पण मग आई आठवते. ती स्वयंपाक करताना फोनच्या स्पीकरवर नाट्यपदं लावते, कुकरच्या शिट्ट्या चालू, एक्झॉस्ट चालू, बेसचा पत्ता नाही, आणि एखाद्या जागेला तिच्या डोळ्यांत पाणी येतं. अंतरे सगळे पाठ. मी कुठल्याही हेडफोनवर एकदाही रडलेले नाही. तिच्या कानात असा खड्डा पडला असता तर तिला बहुतेक कळलंही नसतं, आणि गाणं तिच्यापासून गेलंही नसतं. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी ते शोधून काढल्याचं नाटकही करणार नाही.

हल्ली आवाज कमी ठेवते, डब्ल्यूएचओ आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबल म्हणतं, मी त्याच्या बरीच खाली असते. ईक्यूमध्ये (सूर कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये) फक्त डाव्या चॅनलला ४००० हर्ट्झपाशी थोडंसं वाढवलंय, खड्डा भरेल इतकं वाढवायचं नाही असं बजावलंय त्या तपासणाऱ्या बाईंनी, कारण पेशींवर परत आवाजच पडतो. झिलई थोडी परत आली, पूर्वीची नाही. मध्यंतरी एका रविवारी ते रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं, अंतऱ्यासकट, शब्द लिहून काढले. बंदिश चांगली आहे, फारच चांगली आहे. त्याच आठवड्यात एक प्लेनर (वेगळ्या प्रकारच्या ड्रायव्हरचा) हेडफोन ऑर्डर केला. आईने विचारलं आता कशाला, तर म्हटलं डावा तानपुरा ऐकायचाय. ते खरं होतं. नवीन हेडफोन हवा होता, तेही खरं होतं, पण ते तिला बोलले नाही.