कॅरिबूच्या शिकारीतले नमुने: कागदी पट्टी, मूत्रपिंड, जबडा

कॅनडाच्या उत्तरेत, नुनावुतसारख्या भागात, कॅरिबू (रेनडिअरच्या जातीचं हरीण) आणि मस्कऑक्स (लांब केसांचा, रानबैलासारखा प्राणी) यांच्या तब्येतीची बित्तंबातमी आधी शिकाऱ्यांकडेच असते. पशुवैद्य विमानाने येईपर्यंत मेलेलं जनावर कोल्ह्यांनी फस्त केलेलं असतं. म्हणून शिकाऱ्याला नमुन्यांची पिशवी आधीच दिलेली बरी.

त्यातली सर्वांत कामाची वस्तू म्हणजे गाळणकागदाच्या पट्ट्या. पट्टीचं अरुंद टोक ताज्या रक्तात पूर्ण भिजवायचं. एका पट्टीत साधारण 0.1 मिली रक्त मुरतं. रक्त हृदयातलं किंवा मानेच्या शिरेतलं हवं. पोटातला चोथा मिसळलेलं रक्त चाचणी बिघडवतं. पट्ट्या एकमेकींना न चिकटू देता घरात वाळवायच्या, पण स्टोव्हजवळ नाही: उष्णतेने प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं, चाचणीत तीच शोधतात) नासतात. ओल्याच प्लॅस्टिकमध्ये कोंबल्या की बुरशी आलीच. वाळल्यावर कागदी पाकीट, मग फ्रीझर.

मूत्रपिंड चरबीसकट लागतं. सवयीने चरबी सोलून टाकली की जनावर पोसलेलं होतं का, हे कळायचा मार्गच संपतो! खालच्या जबड्यातले पुढचे दात वयासाठी. मुळावरचे थर झाडाच्या वलयांसारखे मोजतात. हाडातला मगज पांढरा, घट्ट असेल तर उत्तम. लाल, जेलीसारखा म्हणजे उपासमार.

सुजलेला गुडघा किंवा वृषण दिसले तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे माणसालाही होऊ शकणाऱ्या एका जिवाणूजन्य रोगाची, शंका घ्या. तो भाग कापू नका, हातमोजे घाला, फोटो काढा. आणि निरोगी जनावराचेही नमुने द्या. तुलनेला तेच लागतात.