जिथे पुजारीच देव होता: जपानचं सुवा घराणं

भिक्षुकाच्या घरातून सरदार निघाले हे आपल्याला सांगलीकरांना नवीन नाही, पटवर्धनांचे मूळपुरुष हरभट हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी पेशव्यांच्या फौजेत नाव काढून मिरज, सांगली अशी संस्थानं उभी केली. पण जपानमधल्या सुवा घराण्याबद्दल वाचत गेलो आणि त्यात पार गुंतलोच, कारण तिथे पुजारी हाच देव मानायचे.

नागानो भागात सुवा नावाचं तळं आहे आणि त्याच्या आसपास चार जागी मिळून एक देवस्थान, सुवा ताइशा, दोन देवळं वरची नि दोन खालची. देव ताकेमिनाकाता, सामुराई त्याला युद्धदेव म्हणून पुजायचे. वरच्या देवळाचा मुख्य पुजारी म्हणजे ओहोरी, तो सुवा घराण्यातलाच, बऱ्याचदा लहान पोरगा, एकदा का विधी करून वस्त्रं चढवली की तो देवाचं चालतंबोलतं रूप. आणि त्याच घरातले बाकीचे पुरुष घोड्यावर बसून लढाईला! १३३५ मध्ये, आधी कामाकुराहून जपानचा कारभार चालवणाऱ्या पण नुकत्याच बुडालेल्या होजो घराण्याच्या पोराला, तोकियुकीला, पुढे करून ह्याच लोकांनी कामाकुरा शहर जिंकलं, जेमतेम तीन आठवडे टिकलं पण जिंकलं.

पुढे भाऊबंदकी नडली. १५४२ ला शेजारच्या काई प्रांताचा सरदार ताकेदा शिंगेन चालून आला आणि जवळच्याच ताकातो गावचा योरित्सुगु, सुवांच्याच रक्ताचा माणूस, त्याला जाऊन मिळाला. घराण्याचा प्रमुख सुवा योरिशिगे हा तर शिंगेनच्या बहिणीचा नवरा. तरी त्याला शरण यायला लावून कोफूला, ताकेदांच्या राजधानीत, नेलं आणि तिथे तोकोजी मंदिरात आत्महत्या करायला लावली. एवढ्यावर थांबला नाही, योरिशिगेच्या मुलीला (दुसऱ्या बायकोची) स्वतःच्या घरात आणलं, तिचा मुलगा कात्सुयोरी, १५४६ चा जन्म, त्याला नाव देताना ताकेदांचं 'नोबु' न घेता सुवांचं 'योरी' घेतलं, म्हणजे सुवाचा वारस म्हणून लोकांपुढे उभा करता येईल. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण हाच शिंगेन लढाईत सुवाच्या देवाच्या नावाचं निशाण मिरवायचा. माणूस मारला पण त्याचा देव पाहिजे होता.

१५८२ ला ताकेदांवर चालून आलेल्या ओदा घराण्याच्या फौजेने वरचं देऊळ जाळलं, आणि हे ओदा तरी कोण, त्यांचंही मूळ एचिझेनमधल्या त्सुरुगी देवळाच्या पुजाऱ्यांत सांगतात. पण त्याच वर्षी त्यांचा प्रमुख ओदा नोबुनागा मेला आणि सुवा योरितादाने आपला मुलूख परत घेतला. मधे काही वर्षं आपले धनी तोकुगावा घराणं ह्यांच्याबरोबर पूर्वेला जावं लागलं, १६०१ ला परत आले, मग मात्र घराच्या दोन शाखा केल्या, एक सुवा तळ्याकाठच्या ताकाशिमा किल्ल्यात राज्य करणार, दुसरी ओहोरीची गादी सांभाळणार. शहाणपणाचा निर्णय, माझ्या मते तरी, कारण ही व्यवस्था अडीचशेहून जास्त वर्षं चालली. १८७१ ला मेइजी सरकारने, म्हणजे सम्राटाच्या नावाने आलेल्या नव्या राजवटीने, संस्थानंही खालसा केली आणि वंशपरंपरेचं पुजारीपणही बंद केलं, दोन्ही एकाच वर्षी गेलं.