चिवड्याचं वजन आणि कॅनडाची विमानं

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, लोक अजून फाफडा-जिलबीच्या ढेकरा देत होते तेव्हा, मी फराळाचं खोकं घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुरियरवाल्याकडे गेले. भाचा कॅनडात हॅमिल्टनला असतो. पोस्टाने पाठवायचा प्रश्नच नव्हता, सप्टेंबर २०२५ च्या शेवटापासून कॅनडा पोस्टचा देशभर संप चालू होता. खोकं घरी साडेसात किलो भरलं होतं. याने मापायची टेप लावली, ४५ गुणिले ४० गुणिले ३५ सेंटिमीटर, भागिले ५०००, आणि म्हणाला १३ किलोचे पैसे. मी भांडायला उभीच राहिले तर हसून म्हणतो, "मासी, वजन नहीं, साइझ जोवानी!"

म्हणजे चिवड्यातल्या हवेचं भाडं मी भरलं.

रात्री भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला मावशी आमचा सगळा धंदाच असा आहे. तो तिथे विमानतळावर रात्रपाळीला कंटेनर चढवायचं काम करतो. आजकाल विमानातून जातात ते ऑनलाइन मागवलेले बूट, जॅकेटं, खेळणी, म्हणजे खोकी मोठी आणि आत माल हलका, मग विमान वजनाने भरायच्या आधी जागेनेच भरून जातं, आणि कंपनीने विकायची ती शेवटी जागाच. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला, पुढचे आठ-दहा दिवस मी फराळ सोडून कॅनडाच्या कार्गोवरच वाचत बसले. (आमचे हे म्हणाले, यंदा करंज्यांना सुट्टी वाटतं!)

तर कार्गोला हॅमिल्टनच का? टोरंटोच्या मोठ्या विमानतळावर रात्री साडेबारा ते सकाळी साडेसहा उड्डाणांवर बंधनं आहेत, हॅमिल्टन मात्र चोवीस तास उघडं. पार्सलचा धंदा रात्रीचाच, संध्याकाळी गावोगावचं गोळा करायचं, मध्यरात्री एका जागी आणून वेगळं करायचं, उजाडायच्या आत परत आपापल्या शहरात. हे काम तिथे मुख्यतः कार्गोजेट ही कंपनी करते. ती उभी केली अजय विरमानींनी, भारतात जन्मलेले, १९७५ मध्ये तिकडे गेलेले. २००१ मध्ये कॅनडा ३००० नावाची एअरलाइन बुडाली, तिच्या कार्गोच्या भागातून ही कंपनी २००२ मध्ये निघाली. आज चाळीसच्या आसपास विमानं आहेत, बहुतेक बोइंग ७६७ आणि ७५७.

पण गिऱ्हाईकं बघा. ॲमेझॉन, डीएचएल, प्युरोलेटर. प्युरोलेटर ही कुरियर कंपनी म्हणजे परत कॅनडा पोस्टच्याच मालकीची. बोटावर मोजण्याइतक्या लोकांवर एवढा डोलारा, उद्या एकाने ठरवलं की आपला माल आपण ट्रकने नेऊ, की झालं. बाहेरच्या देशाच्या एअरलाइनला कॅनडातल्या कॅनडात माल नेता येत नाही, त्यामुळे घरात फारशी स्पर्धा नाही, हा एक आधार.

कोविडमध्ये सगळ्यांना वाटलं आता हेच कायम. एअर कॅनडाने एप्रिल २०२० मध्ये ७७७ मधल्या सीटा काढून तिथे खोकी भरली होती, मग पुढच्या वर्षाच्या शेवटी खास मालवाहू ७६७ आणली, २०२२ मध्ये दोन नव्या मालवाहू ७७७ ची ऑर्डर दिली आणि २०२३ मध्ये रद्दही केली. कार्गोजेटला तर आठ ७७७ हव्या होत्या, जानेवारी २०२४ पर्यंत त्यांनीही सगळ्यावर पाणी सोडलं. पॅसेंजर विमानं परत उडायला लागली ना, त्यांच्या पोटात माल स्वस्तात जातो. मला तर वाटतं त्यांनी वेळेत हात आखडता घेतला ते बरंच झालं, दिवाळीच्या गर्दीवर वर्षभराचं दुकान भाड्याने घेणारे आपल्या मंगळबाजारातही पाहिलेत मी.

मला खरी ओढ लागली ती उत्तरेची. तिकडच्या नुनावुत प्रदेशात २५ वस्त्या, एकाही वस्तीतून दुसरीकडे रस्ता नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की जहाज येतं, बाकी दूध, अंडी, भाजी, औषधं सगळं विमानाने. खडीच्या धावपट्टीवर उतरायला पुढच्या चाकाला पत्रा लावलेली जुनी बोइंग ७३७-२०० कॅनडाच्या उत्तरेत काही ठिकाणी अजून उडतात, जिचं उत्पादन १९८८ मध्येच संपलं! काही विमानांत पुढे माल आणि मागे माणसं. सरकार २०११ पासून न्यूट्रिशन नॉर्थ योजनेत किलोमागे सबसिडी देतं तरी भाव ऐकून आपल्या खंडेराव मार्केटमधली भाजीवाली बेशुद्ध पडेल. २०१९ मध्ये तिथल्या दोन मोठ्या एअरलाइन एक झाल्या, फर्स्ट एअर आणि कॅनेडियन नॉर्थ, आणि ती एक झालेली कंपनी २०२५ मध्ये इन्युइट (उत्तरेतले मूळ रहिवासी) मालकांकडून विनिपेगच्या एक्स्चेंज इन्कम कॉर्पोरेशनने घेतली. आता ही म्हातारी विमानं बदलायची कशाने? नवी मोठी जेट खडीवर चालत नाहीत, आणि एवढ्या वस्त्यांच्या खडीच्या धावपट्ट्या पक्क्या करायच्या तर पैसा कोण घालणार. हमरस्त्यावरची पार्सलं एक दिवस उशिरा पोचली तर कोणाचं काही अडत नाही हो, इथे दूध अडतं. कॅनडाच्या कार्गोचं भविष्य विचाराल तर मी आधी इकडे बघेन.

असो. आपलं खोकं अकराव्या दिवशी पोचलं. टोरंटोला उतरलं आणि तिथून तासाभराच्या हॅमिल्टनला ट्रकने गेलं, म्हणजे भाचा रात्रभर ज्या विमानांत खोकी चढवतो त्यातल्या एकातही त्याचा फराळ चढला नाही! अनारशांचा भुगा झाला होता, चकल्यांचे तुकडे, चिवडा मात्र व्यवस्थित, भाड्यासकट. बेसनाच्या लाडवांना काही झालं नाही. पुढच्या वर्षी फक्त लाडू, छोट्या खोक्यात दाबून, टेप लावू दे त्याला हवी तेवढी.