पिक्चरमधला शंकेखोर आधी का मरतो?

हॉरर पिक्चरमध्ये जो कोणी छातीठोकपणे 'भूतबित काही नसतं' म्हणतो ना, तो इंटरव्हलच्या आत गेलाच म्हणून समजा. लेखकाला त्याचं तोंड बंद करायची भारी घाई!

'द एक्स-फाइल्स' घ्या, १९९३ ला सुरू झालेली अमेरिकन टीव्ही मालिका, गूढ केसेस शोधणाऱ्या दोन एफबीआय एजंटांची. स्कली स्वतः डॉक्टर, पोस्टमॉर्टेम करते, पुरावा मागते, म्हणजे सगळं रीतसर, पण बहुतेक वेळा खरा ठरतो तिचा एलियनवर विश्वास असलेला जोडीदार मल्डरच. बरं, त्या जगात एलियन खरोखरच आहेत, एवढं सगळं समोर घडतंय, तरी ही आपली 'काहीतरी दुसरं कारण असेल' वर अडून. आता याला शंका घेणं नाही म्हणत, हा हट्ट झाला. खरा चिकित्सक माणूस पुरावा दिसला की मत बदलतो, आणि नेमकं तेच स्क्रीनवर फारसं दिसत नाही.

उलट 'स्कूबी-डू' बघा, १९६९ चं, लहान पोरांचं कार्टून, पण तिथे शेवटी भुताचा मुखवटा ओढला की आत जमिनीवर नाहीतर पैशावर डोळा असलेला कुणीतरी लबाड माणूस निघतो. नंतरच्या काही भागांत आणि पिक्चरांत मात्र त्यांनीही खरी भुतं आणलीच (कशाला पण?).

लॅबचं तर बोलूच नका, रंगीत पाणी उकळतंय आणि डीएनए रिपोर्ट गाणं संपायच्या आत हजर.