ताकदीच्या गोळ्या

बाजारात वांगी निवडताना, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठ पडली तरी तिसरं वाक्य ठरलेलं असतं. "बाई, आता बरं दिसालंय की तुमचं. ताकदीच्या गोळ्या कुठल्या घेता ओ? नाव सांगा, लिहून घेतो." विचारणारा बहुधा माझाच जुना विद्यार्थी असतो, नाहीतर त्याची आई. मी नाव सांगायला टाळाटाळ केली की त्यांना वाटतं, बाई लपवतात. तसं काही नाही. पण हे पंगतीत सांगून होण्यासारखं नाही, भात गार होतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा बैजवार लिहून काढते.

आधी मला झालंय काय ते सांगते, कारण माझ्या आजारावाचून माझ्या गोळ्यांना काही अर्थ नाही.

१९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी इथं निपाणीत हायवेवर येऊन बसले होते, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आई वखारीत कामाला जायची, तिच्या लुगड्याला कायम तंबाखूचा वास. त्याच वर्षी मला टीबी निघाला. रोज एक सुई आणि वर गोळ्या. औषध तेव्हा वर्ष-दीड वर्ष चालायचं. पाचव्या महिन्यात खोकला थांबला, गालावर मांस आलं, आणि घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की पोरगी बरी झाली. त्या सगळ्यांत मीही होते. दोन वर्षांत दुखणं उलटलं. मग पूर्ण कोर्स केला. टीबीचा जंतू मेला, पण उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग खराब करून गेला. तिथल्या श्वासनळ्या कायमच्या सैल झाल्यात. कफ वर चढत नाही, तिथंच साचतो, आणि साचलेल्या डबक्यात जे होतं तेच तिथं होतं. याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. माझ्या कफात सुडोमोनास नावाचा जंतू बिऱ्हाड करून आहे. तो पुरता जात नाही, वर्षाकाठी एकदोनदा उसळतो.

सांधे पुष्कळ नंतर आले. एक दिवस सकाळच्या पहिल्या तासाला फळ्यावर तारीख लिहायला गेले आणि खडू धरता येईना. मुलं हसली. मीही हसले, थंडी म्हटलं. मग नळ पिळता येईना, भाकरी थापताना तळहात ताठ व्हायचा, दीड-दोन तास गेल्याशिवाय बोटं मिटायची नाहीत. दोन्ही हातांना एकसारखं. रक्त तपासल्यावर आमवात निघाला, डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड म्हणतात तो. शेजारच्या काकूंचे गुडघे दुखतात ती झीज. दोन्हीला आपण 'वात' म्हणतो आणि तिथंच निम्मा घोळ होतो. ब्राँकिएक्टॅसिस आणि आमवात या दोघांचं सोयरपण आहे, एकाच माणसात दोन्ही सापडतात, आणि कधीकधी छाती आधी बिघडते, सांधे मागून येतात, हे मला फार उशिरा कळलं.

आता मुद्दा. आमवातात अंगातली राखण करणारी शक्तीच घरावर उलटते. राखणीचा कुत्रा घरच्या पोरांनाच चावायला लागावा, तसं. मग त्याला साखळी घालावी लागते. माझी साखळी म्हणजे मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री. (एकदाच हं. ही गोळी चुकून रोज घेऊन लोक जिवाला मुकलेत, म्हणून मी कॅलेंडरवर फुली मारते.) पण माझ्या घराला चोराचीही भीती आहे, तो सुडोमोनास छातीत बसलाय. साखळी फार आखूड केली तर चोर आल्यावर कुत्रा भुंकणार कसा? आणि कुत्रा मोकळा सोडला तर बोटं जातात. माझे डॉक्टर ही साखळी वीतभर इकडं, वीतभर तिकडं करत असतात. ताप आला की मेथोट्रेक्सेट थांबवतात, छाती निवळली की परत सुरू करतात. माझ्या गोळ्यांचा सगळा हिशोब हा एवढाच आहे.

म्हणून कुणी 'इम्युनिटी वाढवणारं' काही पुढं केलं की माझ्या पोटात गोळा येतो. वाढवून काय करू? त्या कुत्र्याला मटण घालू?

घातलं होतं मी. लॉकडाऊनच्या वर्षी घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. आमची कन्नड शेजारीण तिला अमृतबळ्ळी म्हणते, परसातली वेल कापून ती सगळ्या गल्लीला वाटायची. मी तो काढा रोज प्यायले, त्याशिवाय भाच्यानं अमेरिकेतून धाडलेल्या हळदीच्या कॅप्सूल. हळद तर आपलीच की, सांगलीची गाडी दारावरून जाते, तिचं काय भ्यायचं? पण जेवणातली हळद आणि ती कॅप्सूल यांत फरक आहे. चमचाभर हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के. कॅप्सूलमध्ये ते पाचशे-हजार मिलिग्रॅम भरतात आणि अंगात नीट शोषलं जावं म्हणून मिऱ्याचा अर्क घालतात. अशा कॅप्सूलनं काही जणांच्या लिव्हरला सूज येते. गुळवेलीबद्दलही मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली सहा रुग्णांची हकीकत छापली. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, ती वेल गुळवेलच होती की तिची दुसरी जात, यावरून वाद झाला. माझी वेल कुठली होती ते शेजारीण जाणे. माझं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची सूज दाखवणारा रक्तातला आकडा, चौपट झालं एवढं खरं. मेथोट्रेक्सेट आधीच लिव्हरवर बसलेलं, त्यावर मी हे दोन पाहुणे आणून बसवले. डॉक्टरांनी सगळंच बंद केलं. दीड महिन्यात आकडा खाली आला, पण तेवढ्यात बोटं पुन्हा लाकडासारखी झाली होती.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. ती मी फारशी कुणाला सांगत नाही, कारण पोरांना शिकवणाऱ्या बाईनं करू नये ते मी केलं होतं. आठवडी बाजारात एक माणूस चटई टाकून बसायचा. वाताची पुडी, तपकिरी रंगाची, मधातून घ्यायची. पहिल्या पुडीनंतर तिसऱ्या दिवशी मी उकिडवी बसून अंगण सारवलं. काय सांगू तो आनंद! वर्षभरानं पहिल्यांदा मी वेणी स्वतः घातली. पंधरा दिवसांच्या पुड्या संपल्या, पुन्हा आणल्या, असं तीन महिने. भूक वाढली, चेहरा भरला, लोक म्हणाले, बाई गोऱ्या झाल्या. मग एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, हिरवा कफ, त्यात रक्ताची रेघ. कोल्हापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गोल झालेल्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि विचारलं, "पुडी कुठून घेता?" पुडी घेता का, असं विचारलंच नाही.

अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं, हे त्यांना पाठ होतं. स्टेरॉइडनं सांधे फुलासारखे हलके होतात, आणि छातीतल्या जंतूला रान मोकळं मिळतं. साखर वाढते ती वेगळीच, माझी अडीचशेवर गेली होती. मी रागानं म्हटलं, आजपासून पुडी गटारात. त्या म्हणाल्या, तसं करू नका. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, एकदम तोडलं तर रक्तदाब पडून माणूस जाऊ शकतो. त्यांनी मोजून गोळ्या दिल्या आणि अर्धी अर्धी कमी करत दोन महिन्यांत सोडवलं. तेव्हापासून ज्या औषधानं तीन दिवसांत माझं आमवाताचं दुखणं पळतं, त्याला मी घाबरते.

आता तुम्हाला हवी ती यादी. डी जीवनसत्त्व, कारण तपासलं तेव्हा अगदी तळाला होतं. साठ हजार युनिटची पुडी (ही सरळ औषधाच्या दुकानातली) आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. शेजारच्या काकूंना कुणी थांबायलाच सांगितलं नाही, त्या दोन वर्षं दर सोमवारी दुधातून घेत होत्या. शेवटी रक्तातलं कॅल्शियम चढलं, तहान तहान करून बडबडायला लागल्या, आणि घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. दुसरी फॉलिक अॅसिड, मेथोट्रेक्सेटनं तोंड येतं, मळमळतं, ते कमी व्हावं म्हणून. ती मी मंगळवारी घेते, रविवारी नाही. तिसरी पाण्यात फसफसणारी एन-अॅसिटिलसिस्टीन, सहाशेची. ग्लासात टाकली की कुजक्या अंड्याचा वास सुटतो, नातू खोली सोडून पळतो. तिनं कफाचे धागे तुटतात, बेडका सुटायला सोपा जातो. दमा असेल तर मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, कुणाकुणाची छाती आवळते.

आणि कॅल्शियम. याचा एक किस्सा सांगितलाच पाहिजे, कारण यात फसवणारं कुणी नव्हतं, मीच होते. जंतू उसळला की सिप्रोफ्लॉक्सासिन चालू होतं. सुडोमोनासवर पोटातून घ्यायच्या गोळ्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्याच आहेत, त्यांतली ही. मी शिस्तीची बाई. सगळ्या गोळ्या एका वाटीत काढून सकाळी दुधाबरोबर एकदम घ्यायची. आठ दिवस झाले, कफ हिरवा तो हिरवाच. डॉक्टर म्हणाले, जंतू आता या गोळीला दाद देत नाही असं दिसतं, सुया लावाव्या लागतील. तेवढ्यात औषधाच्या दुकानातल्या पोरानं सहज विचारलं, कॅल्शियम कधी घेता? सिप्रोफ्लॉक्सासिन पोटात कॅल्शियमला, लोहाला, झिंकला जाऊन चिकटतं, रक्तात पोचतच नाही. दूधही त्यातलंच. सिप्रो त्या गोळ्यांच्या निदान दोन तास आधी घ्यायची, किंवा त्यांच्यानंतर सहा तासांनी. म्हणजे मी आठ दिवस रोज औषध घेऊन शौचाला घालवत होते. वेळा बदलल्या, पाचव्या दिवशी कफ पांढरट झाला. ताकदीच्या गोळीनं औषधाचीच ताकद काढून घेतली होती. डॉक्टरांना मी कॅल्शियमबद्दल बोललेच नव्हते. ते काय औषध आहे होय, असं वाटायचं.

माशाच्या तेलाबद्दल फार जण विचारतात. आमवातात त्याचा थोडा उपयोग होतो, सकाळचा ताठरपणा कमी होतो, पण ज्या मात्रेनं होतो ती ईपीए आणि डीएचए (त्या तेलातले कामाचे दोन घटक) मिळून दिवसाला तीनेक ग्रॅम, आणि तीही दोन-तीन महिने. आता बाटली हातात घ्या. पुढं ठळक अक्षरात १००० मिलिग्रॅम. मागं मुंगीच्या अक्षरात ईपीए १८०, डीएचए १२०. तीनशे झाले. चौथीतल्या पोराला गणित घाला, दहा कॅप्सूल येतात. लोक एक घेतात आणि गुण येईना म्हणतात. गुण येणार कसा? मी कोकणातून बांगडा, तारली आली की खाते आणि बाकी दिवस जवसाची चटणी. जवसातलं तेल अंगात फारच थोडं त्या कामाचं होतं, हे ठाऊक असूनही खाते, कारण भाकरीबरोबर दुसरं काय खायचं!

ग्लुकोसामाइन माझ्या आजारावरचं नाहीच. ते झिजेच्या गुडघ्यांना विकतात. अमेरिकेत २००६ साली दीड हजारांवर गुडघेवाल्यांना देऊन पाहिलं, तर एकंदरीत नुसत्या खोट्या गोळीपेक्षा फार उजवं ठरलं नाही. भाच्यानं तरीही पाठवलंच. त्या बाटलीचं झाकण दाबून फिरवायचं असतं, लहान मुलांना उघडू नये म्हणून. मलाही उघडेना. सांध्याची गोळी, आणि सांधे धड असलेल्या माणसालाच उघडणार! शेवटी सहा वर्षांच्या नातवानं उघडून दिली.

खरं सांगायचं तर मला 'बरं दिसायला' लावलंय ते यातल्या कशानंच नाही. पहाटे पाचला उठते. आधी मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझर, मग उशी कमरेखाली घेऊन डाव्या कुशीवर, म्हणजे उजवी बाजू वर येते. खोल श्वास, तीन सेकंद थांबायचं, आणि मग खोकायचं नाही. आरशावर वाफ धरतो तसा तोंड उघडं ठेवून 'हाः' करत श्वास सोडायचा. पाच-सहा वेळा केलं की आतून घरघर वर सरकत येते, तेव्हा कुठं खोकायचं. समोर काचेची वाटी असते. किती, कुठल्या रंगाचा, वास आहे का, हे मी वहीत लिहिते, मस्टर भरायची सवय. पिवळ्याचा हिरवा झाला की त्याच दिवशी कफ तपासायला देते, औषध सुरू व्हायच्या आधी. पाऊण तास जातो. हे सांगितलं की विचारणाऱ्याचा अंगठा मोबाईलवरून खाली येतो. "ते जमंल तेव्हा बघू, बाई, गोळीचं तेवढं सांगा."

तर सांगते. घरात आत्ता जे जे घेता ते सगळं एका पिशवीत भरा. डॉक्टरांचं, दुकानातलं, शेजारणीचं, पुडी असली तर पुडीपण, लाजू नका. मागच्या वर्षभराच्या चिठ्ठ्या आणा, कन्नडमध्ये असल्या तरी चालतील, मी वाचते. मग ती पिशवी घेऊन दोघं मिळून तुमच्या डॉक्टरांकडं जाऊ. पण चारनंतर या. सकाळी मी खोकत असते.